बिबट्याला दिडकी ऐकवणाऱ्या बाई

बाईंच्या लुनाला हॉर्न होता, पण तो वाजत नसे. वाजायच्या त्या बाईच. मंचरच्या भर बाजारातून, हातगाड्या, म्हशी, जीप आणि कॉलेजची पोरं यांच्यामधून लुना काढताना त्या मान ताठ करून खणखणीत आवाजात ओरडायच्या, "पों पों! पोंऽऽ!" मागच्या सीटवर मी. तोंडावर ओढणी घट्ट गुंडाळून, ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून देवाचा धावा करत.

"बाई, हॉर्न दुरुस्त करून घ्या ना," असं मी एकदा म्हणाले.

"हॉर्नला कोण भीक घालतंय, राव? दिवसभर वाजतच असतात. पण बाईमाणूस पों पों करत आली की अख्खा बाजार वळून बघतो आणि बाजूला होतो. तू पण शिकून घे."

मी शिकले नाही. पण त्या हिवाळ्यात त्यांच्यामागे बसून मी बरंच काही शिकले, त्याची ही गोष्ट.

दोन हजार सालानंतरची एक-दोन वर्षं झाली असतील. मी पुण्याला समाजकार्याच्या कॉलेजात शिकत होते. तिथे पहिल्याच वर्षी प्रत्येकाला एखाद्या संस्थेत काम शिकायला पाठवायचे. माझ्या मैत्रिणींपैकी एकीला मोठं हॉस्पिटल मिळालं, एकीला कोर्टातलं समुपदेशन केंद्र. माझी स्वप्नंही तशीच होती: पांढरी भिंत, काचेचं टेबल, समोर डोळे पुसणारी बाई आणि तिला धीर देणारी मी. सरांनी माझं नाव वाचलं आणि म्हणाले, "तू आंबेगाव तालुक्यातली ना? मग झकास. मंचरला एक संस्था आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांचं काम करते."

माझं गाव निरगुडसर. मंचरजवळच. घरी ऊस. चुलत्याकडे ऊस. खिडकीतून ऊस, पायरीवरून ऊस. त्या उसातून बाहेर पडायला मी पुण्याला गेले होते.

दादा, म्हणजे माझे वडील, ओसरीवर बसून पोट धरून हसले. "आगं, येवढं पुण्याला शिकाया धाडलं, आन् शिकून परत उसातच व्हय? मंग ट्रॅक्टर शिकली असतीस तर काय वाईट व्हतं!"

बाईंची संस्था म्हणजे त्यांच्या भावाच्या कापड दुकानाचा माळा. बाई जैन. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण बाईंना मारवाडीत 'पाणी दे' यापुढे फारसं येत नसे आणि मराठी मात्र अशी की भाजीवालीनं भाव सांगायच्या आधी पाट्या टाकून पळावं. वय पन्नाशीच्या पुढचं. लग्न केलेलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "बघायला आलेल्यांना मी प्रश्न विचारायचे, ते परत यायचे नाहीत."

मलाही त्यांनी प्रश्न विचारला. मी छान साडी नेसून, फाईल हातात धरून माळ्याचा लाकडी जिना चढून गेले होते. मार्क विचारतील, ध्येय विचारतील, अशी तयारी होती.

"झोपलेलं पोर न उठवता खाली ठेवता येतं का तुला?"

मी फाईल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"नाही ना? ये इकडं." त्यांनी कोपऱ्यातून पॉपलीनच्या कापडाचा एक गुंडाळलेला ठाण उचलला. त्याला दोन्ही टोकांना घुंगरं बांधलेली होती. तो त्यांनी माझ्या हातांत दिला. "हे दीड वर्षाचं पोर आहे. तासभर रडून आत्ता झोपलंय. गादीवर ठेव. घुंगरू वाजलं की पोर उठलं."

घुंगरू वाजलं. पुन्हा वाजलं. साडीचा पदर अडकून ठाण माझ्यासकट गादीवर पडला, तेव्हा तर अख्खा तमाशा उभा राहिल्यासारखी घुंगरं वाजली आणि खालून बाईंच्या भावानं हाक दिली, "ताई, नवीन पोरगी आली वाटतं!"

जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी तेवढंच केलं. बाई शेजारी बसून कापडाच्या चिंध्यांच्या झोळ्या शिवत होत्या आणि मधूनमधून सूचना देत होत्या. "आधी ढुंगण टेकव. मग पाठ. डोकं सगळ्यात शेवटी. आणि हात पटकन काढू नको, पोराला कळतं." दुपारी एकदाचा ठाण न वाजता गादीवर गेला. बाईंनी माझ्याकडे बघितलं, दात दिसतील असं हसल्या आणि म्हणाल्या, "पास. आता ती फाईल जिन्याखाली ठेव. पावसात दाराला लावायला होईल."

कॉलेजात आम्हाला मोठमोठे शब्द शिकवले होते. सबलीकरण, सहभाग, जनजागृती. मी ते मोकळेपणानं वापरायचे. बाई ऐकून घ्यायच्या आणि मग विचारायच्या, "त्यानं शेंबूड पुसला जातो का?" कुठल्याही कल्पनेला त्यांची हीच एक परीक्षा. तालुक्याच्या एका बैठकीत एक अधिकारी बालकांच्या सर्वांगीण विकासावर बोलत असताना बाई उठून उभ्या राहिल्या. मी त्यांचा पदर ओढला. पण त्यांनी विचारलंच. अधिकारी भले गृहस्थ होते. खिशातून रुमाल काढून म्हणाले, "यानं जातो." बाईंना ते उत्तर इतकं आवडलं की पुढे हंगामभर त्यांचं नाव निघालं की त्या म्हणायच्या, "रुमालवाला माणूस चांगला आहे."

त्या चोविहार पाळायच्या. सूर्य मावळला की अन्नही नाही, पाणीही नाही. त्यामुळे संस्थेचं सगळं वेळापत्रक सूर्याच्या हातात होतं. दुपार कलली की बाईंची मान पश्चिमेकडे वळायला लागे. कुणी लांबड लावली तर त्या सरळ सांगायच्या, "साहेब, आवरा, माझा सूर्य चाललाय." परतीच्या वाटेवर लुना घराच्या ओढीनं निघालेल्या बैलासारखी पळायची. आमच्या बैठका त्या लुनावरच व्हायच्या. पुढून त्या ओरडून विचारणार, मागून मी ओरडून सांगणार. कुठल्या पोराला खरूज झालीय, कुणाच्या आईला ताप आहे, हे रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या वस्त्यांना आमच्याबरोबरच कळायचं.

आणि ऊस आला की दिडकी. आमच्याकडे त्या काळात उसात बिबटे फार झाले होते. संध्याकाळी एकटंदुकटं कुणी पांदीनं जात नसे. बाईंचा उपाय साधा होता. दोन्ही बाजूंना उंच ऊस असलेली वाट लागली की त्या लुनावरून उतरायच्या, गाडी ढकलत चालायच्या आणि मोठ्यानं पाढे म्हणायच्या. साधे नाहीत. व्यापाऱ्याच्या घरातले जुने पाढे. पावकी, निमकी, दिडकी.

"एक दिडे दीड! दोन दिडे तीन! तीन दिडे साडेचार! म्हण गं!"

"बाई, मला दिडकी येत नाही."

"मग तुला बिबट्या आधी धरणार. अडाणी माणूस त्याला लगेच कळतो."

मी बेचा पाढा म्हणत त्यांच्या मागून चालायचे. उसातून कधी कधी खसफस व्हायची. बाई आवाज चढवायच्या. एकदा खसफस फारच झाली, आणि उसातून आमच्याच गावचा एक म्हातारा डोक्यावर गवताचा भारा घेऊन बाहेर आला. हात जोडून म्हणाला, "बाई, सात दिडे साडेधा, आठ न्हाई. मघाधरनं आयकतोय."

"बघ," बाई मला म्हणाल्या, "चुकलं की कुणीतरी बाहेर येतंच."

त्या वर्षी कालव्याच्या कडेला ऊसतोड्यांचा नवा अड्डा पडला होता. बीड, पाथर्डीकडून आलेली माणसं. उसाच्या वाढ्याच्या आणि वाळक्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, ओळीनं. पहाटे अंधार असतानाच नवरा-बायको कोयते घेऊन फडात जायची आणि तान्ही पोरंही बरोबर. फडात बांधावर, पाचटावर फडकं टाकून त्यांना निजवायचं आणि कामाला लागायचं. बाईंना तिथं पाळणाघर काढायचं होतं. आयांनी पोरं सकाळी आमच्याकडे ठेवायची, आम्ही सांभाळायची, खिचडी घालायची, आंघोळी घालायच्या. एवढंच.

पण एकही आई पोर देईना. त्यांना आणणारा मुकादम, पांढरा फेटा आणि जाड मिशांचा, पहिल्याच दिवशी आडवा आला. "बाई, तुमचं हितं काय काम हाय? संस्थावाले पोरं पळवित्यात म्हणं." बायका कोपीच्या दारातून आमच्याकडे बघायच्या आणि नजर फिरवायच्या. कालिंदा नावाची एक होती. माझ्याच वयाची, पण दोन-अडीच वर्षांच्या पोरीची आई. मी तिला पाळणाघराचे फायदे समजावून सांगितले. सगळे. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "ताई, तुमी लई चांगलं बोलता. पर लेकरू न्हाई देत म्या."

मी हिरमुसले. बाई मात्र खूश दिसत होत्या. "बरोबर आहे तिचं. ओळखपाळख नाही, पोर कशाला देईल? चल, आपण आपलं पाळणाघर सुरू करू."

"पण पोरं?"

"येतील की."

अड्ड्याच्या मधोमध एक लिंबाचं झाड होतं. बाईंनी त्याच्या फांदीला झोळी बांधली. रिकामी. आणि खाली बसून दोरी ओढायला लागल्या. झोळी हलतेय, बाई अंगाई म्हणतायत, आत काही नाही. बायका कामावरून आल्या, त्यांनी बघितलं, एकमेकींना ढोसून हसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी लाजून अर्धी झाले होते. मुकादम कपाळाला हात लावून म्हणाला, "ह्या बाईचं डोकं फिरलंया."

अड्ड्यावर एक म्हातारी होती. गुडघे गेल्यामुळे फडात न जाणारी, कोपीपुढं नातवाला मांडीवर घेऊन बसणारी. ती पहिल्या दिवसापासून अस्वस्थ होती. झोळी एकीकडे गेली की तिची मान एकीकडे, झोळी परतली की मान परत. शेवटी तिला राहवेना. लंगडत आली आणि कडाडली, "आवं बाई! रिकामा पाळणा हलवू न्हाई! आईबापानं शिकिवलं न्हाई व्हय तुमाला? अपशकुन असतोया!"

"मग काय करू, आजी?" बाईंनी दोरी थांबवली नाही. "भरलेला कुठून आणू?"

म्हातारीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, देवाचं नाव घेतलं आणि नातू झोळीत ठेवला. "घ्या! पर आता तरी नीट हलवा!"

नातू दोन झोक्यांत झोपला. म्हातारी तिथंच बसली, बाईंच्या हातातली दोरी तिनं हिसकावून घेतली आणि बाईंनी अंगाई कशी चुकीची म्हटली ते सांगायला लागली. संध्याकाळी लुनावर बाई वाऱ्यात हसत होत्या. "पहिलं पोर आलं, आणि पोर सांभाळणारी पण आली. तुझ्या फाईलमध्ये याला काय म्हणतात गं?"

"लोकसहभाग," मी मागून ओरडले.

"व्हय? असेल!"

हळूहळू पाच-सहा पोरं यायला लागली. पुण्याहून एकदा एक पाहुणे काम बघायला आले. पांढरे बूट, गळ्यात कॅमेरा. त्यांना पोरांचा फोटो हवा होता. बाई म्हणाल्या, "काढा की. पण पोरं आंघोळीची राहिलीत. पावणं, तेवढी बाही वर करा." पाहुण्यांना काही कळायच्या आत त्यांच्या हातात साबण लावलेलं एक गुळगुळीत, किंचाळणारं पोर होतं. त्यांनी ते जिवाच्या आकांतानं धरून ठेवलं. बूट गेले, पँट गेली. पण जाताना गृहस्थ इतके खुशीत होते की फोटो काढायचा राहिलाय हे त्यांना गाडीत बसल्यावर आठवलं.

कालिंदा मात्र तिची पिंटी रोज फडातच न्यायची. जाताना लिंबाकडं बघायची. बाई तिला काही म्हणायच्या नाहीत. फक्त हात हलवायच्या.

थंडी वाढली. लिंबाखाली वारा झोंबायचा, पोरं शिंकायची. अड्ड्यापासून जवळ कारखान्याची एक पत्र्याची शेड रिकामी पडली होती. बाई कारखान्याच्या शेतकी ऑफिसात साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, बघू. पुन्हा गेल्या. वरून परवानगी लागते, म्हणाले. असं चाललं होतं. माणूस वाईट नव्हता, पण वरून म्हणजे कुठून, ते त्यालाही नक्की ठाऊक नसावं.

आणि मग तो दिवस आला.

दुपार उतरली होती. आम्ही लिंबाखाली भांडी घासत होतो. तेवढ्यात आमच्या चुलत्याच्या फडातून एक माणूस सायकल दामटत आला. पिंटी हरवली होती. पाचटावर निजवली होती, उठून कुठं गेली कळेना. तोडलेल्या रानाच्या पलीकडे अजून चार एकर ऊस उभा होता, आणि त्याच्या कडेला सकाळीच कुणाला तरी बिबट्याचे ठसे दिसले होते.

लुना त्या दिवशी पों पों न करता गेली. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

फडावर गोंधळ उडालेला. माणसं उसात शिरून आरडाओरडा करत होती. कुणी पत्र्याचे डबे बडवत होतं, बिबट्या असला तर पळावा म्हणून. दादांनी त्याच हेतूनं ट्रॅक्टर आणून बांधावर घरघरत ठेवला होता. मुकादमाचा फेटा सुटून गळ्यात आला होता आणि तो सगळ्यांना एकदमच हुकूम सोडत होता. कालिंदा मातीत बसली होती. तिचं तोंड उघडं होतं, पण त्यातून आवाज निघत नव्हता.

बाईंनी एकदा सगळीकडे बघितलं. मग त्या बांधावर चढल्या आणि बाजार हलवणाऱ्या आवाजात ओरडल्या, "गऽऽप!"

डबे थांबले. माणसं थांबली. ट्रॅक्टर चालूच होता.

"कुणाचा आहे तो? बंद करा!"

"आवं बाई," दादा म्हणाले, "बिबट्या—"

"बिबट्याचं नंतर बघू. ती अडीच वर्षांची आहे. तुमी सगळे राक्षसासारखे ओरडताय. ती बाहेर येईल, का अजून आत पळेल? बंद करा आधी!"

दादांशी त्या सुरात कुणी बोललेलं मी उभ्या आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. दादांनी ट्रॅक्टर बंद केला. आत शिरलेल्या माणसांना बाईंनी हातानंच बाहेर बोलावलं. सगळे बांधावर येऊन उभे राहिले. मग जी शांतता झाली ती मला आजही ऐकू येते. उसाची पाती एकमेकांना घासत होती. लांब कालव्याचं पाणी. सूर्य आमच्या समोर उसाच्या शेंड्याला टेकत चालला होता, आणि पहिल्यांदाच बाईंचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं.

त्या कालिंदाशेजारी मातीत बसल्या. तिचा हात हातात घेतला.

"कालिंदा, रोज तिला जेवायला कशी हाक मारतेस?"

कालिंदानं मान हलवली. जमणार नाही, अशी.

"जमतंय. रडायचं नाही. हरवलीय म्हणून हाक मारू नको. भाकरी झालीय म्हणून मार. रोजच्यासारखी."

कालिंदानं उसाकडे तोंड केलं. पहिली हाक घशातच राहिली. दुसरी फाटली. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग कालिंदानं डोळे मिटले आणि कसं कोण जाणे, पण अगदी रोजच्या, थोड्याशा वैतागलेल्या आवाजात हाक मारली, "पिंटेऽऽ! भाकर खाया ये गंऽ!"

काही नाही. पाती घासत राहिली.

"पिंटेऽऽ! भाकर गार व्हतीया!"

उसाच्या आतून, आमच्या डावीकडून, अगदी बारीक पण चिडका आवाज आला. "गूळ हाय का?"

कालिंदा उठायला गेली. बाईंनी तिला घट्ट धरलं. "धावू नको, घाबरेल. उत्तर दे."

"हाय," कालिंदा म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र तसाच, रोजचा. "हाय गं बाय, गूळ हाय. लई हाय. ये."

ऊस हलला. आधी एक पात हलली, मग तिच्या शेजारची. आणि पिंटी बाहेर आली. तोंडावर पात्यांचे ओरखडे, एका हातात उसाचं कांडं, नाकातून दोन धारा. तिनं बांधावर उभ्या असलेल्या त्या पन्नास-साठ माणसांकडे बघितलं, तिला काही विशेष वाटलं नाही, आणि आईपुढं येऊन तिनं हात पसरला. "कुठंय?"

गूळ कुणाकडेच नव्हता. चुलत्यानं घराकडं माणूस पळवला. मुकादम तोंड फिरवून फेटा बांधायला लागला आणि बराच वेळ तो बांधतच होता. दादा ट्रॅक्टरच्या बॉनेटमध्ये डोकं घालून काहीतरी तपासत होते. ट्रॅक्टरला काहीही झालेलं नव्हतं.

बाई उठायला गेल्या. त्या पुन्हा खाली बसल्या. मी धावले. "काही नाही गं," त्या म्हणाल्या, "पाय गेलेत. येतील परत." सूर्य मावळला होता. त्या रात्री त्या उपाशीच झोपल्या असणार. पण परतीच्या वाटेवर त्यांनी गाडी हळू चालवली आणि मला एकदाही काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अड्ड्यावर पोचलो, तर लिंबाखाली कालिंदा उभी होती. कडेवर पिंटी. मागे बाकीच्या बायका, प्रत्येकीच्या कडेवर एक, बोटाला एक. मुकादम सगळ्यांत पुढं. "बाई," तो घसा साफ करत म्हणाला, "झाड बारकं पडंल."

"पडेल की," बाई म्हणाल्या. त्यांनी पोरांवर नजर फिरवली, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर ती ठाणाला घुंगरू बांधणारी कळा दिसली. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिचे वडील कुठायत? त्यांची ट्रॉली मोकळी आहे का?"

दादा फक्त काय चाललंय ते बघायला म्हणून आले होते. ट्रॉली मोकळी नव्हती. त्यांनी ती मोकळी केली. खाली पाचट अंथरलं, वर सतरंजी. पोरं चढवली, म्हातारी चढवली, झोळ्या चढवल्या. आणि ती वरात शेतकी ऑफिसच्या दारात जाऊन थांबली.

साहेब नुकतेच येऊन चहाची वाट बघत होते.

"बाई, हे काय?"

"पाळणाघर," बाई म्हणाल्या. "तिकडं वारा लागतो. परवानगी येईपर्यंत इथंच भरवू. तुमी तुमचं काम करा, आमची काही अडचण नाही."

पुढच्या अर्ध्या तासात जे झालं ते सगळं सांगता येत नाही. एक पोर टेबलाखाली गेलं. एकानं शिक्क्याचं पॅड चाटलं आणि त्याचं तोंड जांभळं झालं. पाहुण्यांच्या गादीच्या खुर्चीवर पिंटीनं आपला विधी उरकला आणि खाली उतरून दुसरी खुर्ची बघायला लागली. म्हातारीनं खिडकीच्या गजाला झोळी बांधली. क्लार्क लोक आधी दचकले, मग एकेकानं एकेक पोर उचललं, कारण दुसरा इलाज नव्हता. साहेब उभं राहून काही बोलणार, तेवढ्यात बाईंनी म्हातारीचा पेंगुळलेला नातू त्यांच्या मांडीवर ठेवला. "धरा जरा. मी त्या जांभळ्याला बघते." आणि गेल्या.

नातू साहेबांच्या सफारीच्या खिशात बोट अडकवून झोपला.

साहेबांनी उठायचा प्रयत्न केला. "हलू नका!" म्हातारी पुटपुटली, "आत्ता निजलाया!" साहेब बसले. मग त्यांनी एका हातानं फोन ओढला, वरिष्ठांना लावला, आणि आम्ही सगळे ऐकत असताना अगदी कुजबुजत बोलायला लागले.

"हॅलो, साहेब... हो, मीच... नाही, मोठ्यानं बोलता येत नाही... नाही, घसा ठीक आहे... पोर झोपलंय, साहेब... मांडीवर... नाही, माझं नाही... ती शेड, साहेब. ती देऊन टाकू या का? ...हो, आजच. साहेब, आत्ताच."

किल्ली मिळाली. दादांनी ट्रॉली वळवली. साहेब दारापर्यंत आले, नातवाला स्वतः ट्रॉलीत ठेवायला. आधी ढुंगण, मग पाठ, मग डोकं. पोर उठलं नाही. बाई माझ्या कानात म्हणाल्या, "पास."

त्या शेडमध्ये पुढे अख्खा हंगाम पाळणाघर चाललं. दादा आठवड्याला एकदा गुळाची ढेप आणून टाकायचे आणि "वाटंतच व्हतो," असं सांगायचे. शेड त्यांच्या वाटेत नव्हती. माझ्या कॉलेजचे सर भेटीला आले, तेव्हा त्यांनी बाईंना माझ्याबद्दल विचारलं. मी जवळच उभी. बाईंनी जरा विचार केला. "आली तेव्हा लई बोलायची. आता पोरं सांभाळते. बरी आहे." सरांना वाटलं, बाई नाराज आहेत. मी मात्र ते वाक्य घरी जाऊन आईला दोनदा सांगितलं.

उन्हाळा लागला, ऊस संपला, अड्डा उठला. कोप्या मोडल्या, माणसं आपापल्या गावी गेली. मीही पुण्याला परतले. दुसऱ्या वर्षी मला हॉस्पिटल मिळालं. पांढऱ्या भिंतीचं.

दिवाळीला घरी आले होते. भाऊबीज झाली आणि दादा म्हणाले, "तोडीवाले यायलेत आज. तुझी बाई कालव्यावर जाऊन उभी हाय सकाळपास्नं." मी चप्पल घातली आणि निघाले.

बाई मोकळ्या रानात उभ्या होत्या, कमरेला पदर खोचून. ओळख वगैरे काही दाखवली नाही. दुपारच्या सुमारास धुरळा उडवत पहिला ट्रक आला. वरपर्यंत भरलेला. पेट्या, भांडी, शेळ्या, कोंबड्या, आणि या सगळ्यांवर बसलेली माणसं. ट्रक पुरता थांबलाही नव्हता, तोच वरून हाका सुरू झाल्या. "बाई! ओ बाई! हिकडं!"

मला वाटलं, आधी सामान उतरेल. फाळका उघडायची वाट कुणी बघितली नाही. ट्रकच्या कडेवरून वाकून बायका पोरं खाली द्यायला लागल्या. एकीनं दिलं, ते बाईंनी घेतलं. दुसरीनं दिलं. गेल्या वर्षी न आलेल्या, मी कधी न बघितलेल्या बायकाही देत होत्या. आणि कडेला, सगळ्यांत वरून, कालिंदा. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं, जेमतेम महिन्याचं एक बाळ होतं. ती खाली वाकली, खाली कोण आहे तेही तिनं नीट बघितलं नाही, आणि बाळ हवेत पुढं केलं.

बाईंचे दोन्ही हात भरलेले होते. त्या वळून माझ्यावर खेकसल्या, "बघत काय उभी राहिलीस? धर की!"

मी हात वर केले.